टोरांटोत नवीन आलात? आधी २११ लावा

टोरांटोत नवीन आल्यावर मदत कुठे मिळते, हे आल्या आल्या विचारलंत, फार बरं केलंत. पहिल्या महिन्यात सगळं एकदम अंगावर घेऊ नका. एवढंच करा:

- २११ ला फोन लावा. ही स्थानिक सेवांची माहिती देणारी हेल्पलाइन आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतं, दुभाषाही मिळतो. "स्कार्बरोला राहतो, मुलाची शाळा आणि माझी नोकरी बघायचीय" असं सरळ सांगा. जवळची संस्था तेच सुचवतात.
- त्या संस्थेत सेटलमेंट वर्करची, म्हणजे नवीन आलेल्यांना स्थिरावायला मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याची, वेळ घ्या. पासपोर्ट आणि पीआरची (कायम वास्तव्याच्या परवान्याची) कागदपत्रं सोबत न्या. शाळाप्रवेश, ओहिप कार्ड (ऑन्टारिओचा सरकारी आरोग्य विमा), रेझ्युमे, इंग्रजीचे वर्ग, सगळ्यात मदत होते. पीआरवाल्यांना हे मोफत असतं. स्टडी किंवा वर्क परमिटवर असाल तर आधी फोनवर विचारा, उगाच हेलपाटा नको.
- लायब्ररीचं कार्ड काढा. काही शाखांत सेटलमेंट वर्करही बसतात.

नवे लोक हमखास फसतात ते एजंटांकडे. सिन नंबर, म्हणजे नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर, सरकार फुकट देतं. त्याचे कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या. आणि घरमालकाने मागितला म्हणून तो नंबर देऊन टाकू नका, तशी सक्ती नाही.

संकोच तर अजिबात नको. या सेवा तुमच्यासाठीच उभ्या केल्यात, ही कुणाची मेहेरबानी नव्हे.

मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर जा. ओळखी होतात, भाड्याच्या खोलीचा पत्ता लागतो, मन रमतं. पण व्हिसाचे निर्णय तिथल्या गप्पांवर घेऊ नका. त्याला परवानाधारक सल्लागार किंवा वकीलच हवा. डिग्रीच्या मूल्यांकनाचं नंतर बघू, आधी २११.