गॅमाची फेज जुळत नाही म्हणून पीएचडी सोडू नका

तिसरं वर्ष चालू आहे, ईईजीत (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींत) संथ अल्फा छान दिसतो, पण 40 हर्ट्झच्या वेगवान गॅमाची फेज, म्हणजे लाट आवर्तनात नेमकी कुठे आहे ते, दर ट्रायलला (चित्र दाखवण्याच्या दर खेपेला) वेगळी येते, मग पीएचडी सोडावी का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळा आला. मीही नेमकी इथेच अडकले होते.

फिल्टर, रेफरन्स तुम्ही तपासलं असेलच. पडद्याला प्रकाश टिपणारा फोटोडायोड लावलाय का? मी लावला नव्हता. संगणकाने ट्रिगर (चित्राची वेळ नोंदवणारी खूण) पाठवला त्याच क्षणी चित्र उमटतं, असं मी धरून चालले. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची, चित्र कधी लगेच यायचं, कधी जवळजवळ फ्रेमभर उशिरा. अल्फाचं आवर्तन साधारण 100 मिलिसेकंदांचं, त्याला एवढं पचतं. 40 हर्ट्झचं आवर्तन 25चं, म्हणजे दोन तृतीयांश आवर्तनाची चूक! सरासरी काढली की लाटा एकमेकींना खोडत जातात. बावीस जणांचा डेटा, चौदा महिन्यांचं काम. शेवटी आमच्या तंत्रज्ञदादांनी पडद्याच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन उमटवला, त्यावर डायोड चिकटवला आणि ऑसिलोस्कोपवर ट्रिगर आणि प्रकाश यांच्या दोन रेषांमधलं सरकणारं अंतर दाखवलं. पाच मिनिटं लागली.

पुढचा त्रास मुदतवाढीचा. एका कार्यालयाने अर्ज तीनदा परत केला, कारण ‘मोजणीतला दोष’ त्यांच्या रकान्यात बसत नव्हता. सात महिने फेलोशिपविना काढले. आजही राग येतो. तुम्ही मार्गदर्शकांकडून आत्ताच लेखी घेऊन ठेवा.

जुना डेटा फेकू नका. फेज गेली तरी पॉवर, म्हणजे लाटेची ताकद, बरीच शाबूत असते. फक्त गॅमाच्या पॉवरवर लगेच भरवसा नको: 2008 साली युवल-ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चित्रानंतर 200 ते 300 मिलिसेकंदांनी ईईजीत दिसणारा गॅमा डोळ्यांच्या सूक्ष्म हालचालींतूनही येतो. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गरने माणसाचा पहिला ईईजी 1924मध्ये टिपला, पण छापला 1929मध्ये. ही लाट खरंच मेंदूची आहे ना, हे तो पडताळत राहिला. या क्षेत्रात टिकायला हाच स्वभाव लागतो, असं माझं ठाम मत आहे. लॅब निवडतानाही पेपर किती यापेक्षा उपकरणं कोण सांभाळतं ते आधी विचारावं.

माझा अनुभव ईईजीपुरताच, प्राण्यांवरच्या नोंदींबद्दल मी बोलू नये. आणि हो, सहभागींना आदल्या दिवशीच सांगा: केस धुऊन या, खोबरेल लावू नका. इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विद्युत अडथळा) खाली आणण्यात जाणारा अर्धा तास वाचतो.

डायोड लावून पन्नासेक ट्रायल मोजा आणि उशीर किती मागेपुढे होतो ते इथे टाका, मी बघते.