काळ्या मातीत मोसंबीची पानं पिवळी पडतात, कोणतं खत घालू?

खत घालू नका, आधी खड्डा घ्या.

तुम्ही लिहिलंय, जमीन काळी कसदार आहे, पाण्याची कमी नाही, तरी पानं पिवळी, आणि दुकानदार युरिया वाढवा म्हणतोय. हे सगळं मी आमच्याच घरात ऐकलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची बाग अंबड तालुक्यात. 2017 मध्ये तलावांतला गाळ शेतात टाकायची सरकारी योजना आली, तेव्हा चुलत्यांनी अर्ध्या बागेत ट्रॉल्यांवर ट्रॉल्या ओतल्या. मी विरोध केला होता. आमचं रान आधीच भारी, उन्हाळ्यात भेगांत हात कोपरापर्यंत जातो. गाळ हलक्या, मुरमाड रानाला सोनं आहे. भारी रानात तो निचरा मारतो. काका म्हणाले, "काळ्या आईला कधी जास्त होतं का रे?" पुढच्या पावसाळ्यानंतर गाळाच्या ओळींतली नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, पिवळी निघाली, शिरा तेवढ्या हिरव्या. काकांनी युरिया दिला, मग पाणी वाढवलं. झाडं आणखी उतरली.

मी दोन झाडांच्या मधे कंबरभर खड्डा घेतला. वरचा गाळ मेणासारखा चिकट. त्यातली तंतुमुळं काळी, चिमटीत धरून ओढली की साल हातात आणि आतला दोरा तेवढा शिल्लक. वासही कुजका. त्याखाली पांढरे चुनखडीचे खडे. त्यांवर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडले तसा फेस आला. काका काठावरून म्हणाले, "हे खडे आजोबांच्या वेळचे आहेत." आहेतच. पण आजोबांची तिथे ज्वारी होती, आणि जमिनीला वाफसा येत होता, म्हणजे जादा पाणी निघून ओल आणि हवा दोन्ही राहत होती.

आपली माती काळ्या पाषाणाची, लोह तिच्यात भरपूर आहे. सामू (पीएच) आठच्या वर गेला की ते विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. त्यात रान सतत ओलं राहिलं की मुळांचा श्वास कोंडतो, कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुनखडीतून बायकार्बोनेट तयार होतं आणि लोह आणखी अडतं. म्हणजे पाणी वाढवून पिवळेपणा वाढतो. काकांना हे आजही पटलेलं नाही.

तेव्हा उताराकडे चर काढा. दुहेरी आळं करा, म्हणजे बुंध्याजवळ कोरडं आतलं आळं आणि त्याबाहेर पाण्याचं. बुंध्याला पाणी लागू देऊ नका, नाहीतर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येईल. वाफसा आल्याशिवाय पुढचं पाणी नाही. शेणखत द्या, ओळींच्या मधे ताग पेरून फुलोऱ्याच्या आत गाडा. हिराकस (फेरस सल्फेट) नुसता मातीत टाकाल तर चुनखडी तो खाऊन टाकेल. फवारणीने आहे तो पाला हिरवा होतो, पुढची नवती पुन्हा पिवळी. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह, घ्यायचंच तर ईडीडीएचए असलेलं घ्या. स्वस्तातलं ईडीटीए असल्या मातीत टिकत नाही.

माती तपासा, पण एक, दोन आणि तीन फुटांवरचे नमुने वेगवेगळे द्या. मृद आरोग्य पत्रिकेतल्या 12 तपासण्यांत मुक्त चुना, म्हणजे मातीतल्या चुनखडीचं प्रमाण, नसतो, तो सांगून करून घ्या. 10 टक्क्यांच्या वर निघाला तर त्या तुकड्यात नवी मोसंबी लावूच नका, घरातलं कोणी कितीही म्हणालं तरी. आणि म्हणणाऱ्याला आधी खड्ड्यात उतरवून मुळं दाखवा.

राहता राहिलं एक. पिवळी पडतात ती पानं शेंड्याची की खालची, ते तुम्ही लिहिलेलं नाही. खालची जुनी पानं शिरांसकट सारखी पिवळी पडत असतील आणि खड्ड्यात मुळं पांढरी, टणक दिसली, तर नत्रच कमी पडतंय. मग दुकानदाराचं ऐका, फक्त युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्या.