बारावीतल्या पोट्टे-पोट्ट्यांचे प्रश्न: नर्सिंग, नीट, भरती आणि वावर

यवतमाळ-वाशीम पट्ट्यातल्या ज्युनिअर कॉलेजांमधून बारावीची मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील मला प्रश्न पाठवतात. सध्या कापूस वेचणी चालू, तूर उभी, फेब्रुवारीत बोर्ड आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच, की पुढं काय. त्यातले काही प्रश्न आणि माझी उत्तरं इथे देतो. बहुतेकांनी कोर्सचं विचारलंय, पण माझं उत्तर बऱ्याचदा त्या मुलापासून सुरू होतं, कारण पोट्टं कसं आहे ते न पाहता कोर्स सांगणं मला जमत नाही.

सर, मी बारावी सायन्सले आहे, आर्णी तालुक्यातली. मले नर्सिंग करायचं आहे, पण घरचे म्हणतात तू कोणासोबत बोलतच नाहीस, पाहुणे आले की आत जाऊन बसतेस, तू पेशंट काय सांभाळशील? बाबा म्हणतात इथंच बीए कर. मी खरंच लायक नाही का?

बेटा, कमी बोलणं हा दोष नाही, आणि नर्सिंगमध्ये तर मुळीच नाही. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला पाहा, टायट्रेशन करताना बडबडे पोट्टे गप्पा मारत नळी सोडून देतात आणि फ्लास्कमध्ये गडद गुलाबी रंग येतो, आणि एखादी गप्प मुलगी थेंब थेंब सोडत राहते, फिकट गुलाबी दिसला रे दिसला की तिचा हात थांबतो. वॉर्डात हाच हात लागतो. सलाईनचे थेंब मोजणं, औषधाचा डोस दोनदा वाचणं, रात्री तीन वाजता म्हाताऱ्या आजीचं गाऱ्हाणं न कंटाळता ऐकणं, हे गप्प माणसं फार चांगलं करतात. पेशंटशी जेवढं बोलावं लागतं तेवढं शिकता येतं, पण लक्ष देणं शिकवता येत नाही, ते तुझ्याकडे आहे असं तुझ्या पत्रावरूनच वाटतं, एवढं नीट मुद्देसूद लिहिलंस.

आता कोर्सचं. बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं, त्याला बारावीत फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं आणि राज्याची वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, असते, तिचा फॉर्म बोर्डाच्या धामधुमीत निघतो म्हणून मुली चुकवतात. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा ३ वर्षांचा, तो कोणत्याही शाखेतून करता येतं, फक्त बारावीला ४० टक्के आणि इंग्रजी पास पाहिजे. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स, २ वर्षांचा. जमलं तर बीएस्सीच कर, पुढे शिकवायला, मोठ्या हॉस्पिटलात जायला तीच डिग्री उपयोगी पडते. कॉलेज निवडताना एकच गोष्ट बघ, त्याला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, गल्लीबोळात दोन खोल्यांत चालणाऱ्या 'नर्सिंग कोर्स'वाल्यांकडे पैसे भरू नकोस, त्या सर्टिफिकेटवर रजिस्ट्रेशन होत नाही.

आणि तुझ्या बाबांना माझ्यातर्फे हे वाचून दाखव. भाऊ, बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलीला एसटीचा पास फुकट होता, म्हणून रोज ये-जा जमली, आता तो बंद होणार आणि खोली-मेसचा खर्च येणार ही तुमची काळजी खरी आहे. पण २०२४-२५ पासून ज्यांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे अशा ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, अट एवढीच की प्रवेश सरकारी कॅप राऊंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, झाला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. एससी-एसटीसाठी शिष्यवृत्ती वेगळी. बाकी भीती असेल ती मुलीशी बसून बोला, तिनं स्वतःहून काही मागितलंय, गप्प पोरीनं मागितलंय, याची किंमत तुम्हालाच जास्त कळेल.

माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. अभ्यास नाही, पण दिवसभर कोणाच्या तरी मोटारीपाशी नाहीतर ट्रॅक्टरपाशी. अख्खं गाव त्याले बोलावते. नातेवाईक म्हणतात पोट्टा वाया गेला. काय करावं? (पालक, दारव्हा तालुका)

काका, ज्या पोराला अख्खं गाव बोलावते तो वाया गेलेला कसा? रात्री शेतीची आठ तासाची लाईन येते, तेव्हाच नेमकी पंपाची मोटार उचलत नाही, आणि शेजारी तुमच्या दारात येऊन हाक मारतो. तुमचा पोरगा टॉर्च घेऊन जातो, स्टार्टर उघडतो, कॅपॅसिटर गेला का वायंडिंग जळालं ते वासावरून सांगतो. हे त्याला कोणी शिकवलं नाही, तो पाहून-पाहून शिकला. मार्कशीटवर याचा रकाना नाही, पण म्हणून त्याला किंमत नाही असं नाही ना.

तरी एक सांगतो, बारावी सोडू देऊ नका. ३५ मार्काचंच पास असू द्या, राहिलाच एखादा विषय तर जुलैच्या आसपास पुरवणी परीक्षा असते. बारावी सायन्स पास झाला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा दोन वर्षात. पुस्तकाची अजिबात गोडी नसेल तर आयटीआय, तिथे प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो, बारावी झाल्यावरही जाता येतं. इलेक्ट्रिशियन २ वर्षांचा, डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक १ वर्षाचा. माझ्या मते त्याच्यासाठी इलेक्ट्रिशियन सगळ्यात बरा, कारण महावितरणची विद्युत सहाय्यकाची भरती निघते तेव्हा इलेक्ट्रिशियन नाहीतर तारतंत्री (वायरमन)चं आयटीआय मागतात, आणि भरती नाही लागली तरी सोलर पंप सगळीकडे बसवणं चालू आहे, त्याची दुरुस्ती करणारा माणूस तालुक्यात शोधून सापडत नाही. आयटीआयनंतर एक वर्ष ॲप्रेंटिसशिप करायलाच लावा, विद्यावेतनही मिळतं आणि सुरक्षेचे नियम अंगवळणी पडतात, आपल्याकडे पोट्टे डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) हातमोजे न घालता चढतात, ते मला पाहवत नाही. आज घरी आल्यावर त्याला तेवढं तरी सांगा, की लाईन बंद करून, टेस्टर लावून मगच हात घालत जा.

मी रोज पहाटे रोडवर पळतो, पोलीस भरती द्यायची आहे. आमच्या गावातले सात-आठ जण पळतात. कॉलेज सोडून अकॅडमी लावू का? (बारावी आर्ट्स)

सोडू नको. बारावी पास ही भरतीची पहिलीच अट आहे आणि वय १८ पूर्ण लागतं, तेव्हा ती घाई कशासाठी? शिपाई भरतीत मैदानी ५० मार्कांचं, लेखी १०० मार्कांचं. मुलांसाठी १६०० मीटर २० मार्क, १०० मीटर १५, गोळाफेक १५, मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मैदानीत निम्मे मार्क पडले तरच पुढं, आणि त्यातूनही एका जागेमागे दहा जणांनाच लेखीला बोलावतात. गावातले पोट्टे सोळाशेच्या मागं लागतात, पाच मिनिट दहा सेकंदाच्या आत आलं की पूर्ण २० हे सगळ्यांना तोंडपाठ, पण शेवटी जागा लेखीवर जाते आणि तिथे अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान असतं. तुझा आर्ट्सचा अभ्यास त्यातल्या निम्म्याला तरी कामाचा आहे.

डांबरी रोडवर रोज पळू नको, पायाची नळी धरते मग महिनाभर घरी बसावं लागतं. शेताच्या पांदण रस्त्यानं पळ, आठवड्यातून एक दिवस आराम, आणि गोळा ७.२६० किलोचा असतो तर दगडानं सराव करू नको, सात-आठ जण मिळून एक गोळा घ्या. बारावीनंतर बीएला ॲडमिशन घेऊन ठेव, रेग्युलर नाही जमलं तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरबसल्या डिग्री होते. भरती दोन-तीन वर्षं लांबली तर हातात डिग्री असते आणि तलाठी, एमपीएससीचे दरवाजे उघडतात. अकॅडमी लावायचीच असेल तर बारावीनंतर, आणि एकदम वर्षाचे पैसे भरू नको.

आणि हो, तू पळतोस ते वर्दीसाठी का घरी पगार पाहिजे म्हणून, हे एकदा स्वतःलाच विचार. दोन्ही चांगलंच आहे, पण पगारासाठी असेल तर अजून चार रस्ते आहेत, ते मी सांगू शकतो.

माझ्या मोठ्या मुलाने नीटसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला, नागपूरला क्लास लावला, मार्क थोडेच वाढले. आता दुसरा ड्रॉप म्हणतो. धाकटी यंदा बारावीत आहे. आमच्याकडं पाच एकर कोरडवाहू आहे. (आई, वाशीम जिल्हा)

ताई, माझं मत स्पष्ट आहे, दुसरा ड्रॉप देऊ नका. अपवाद एकच, पहिल्या वर्षात तो आजारी होता किंवा घरात काही घडलं होतं आणि मार्क तरीही कटऑफच्या जवळ आहेत. नीटमध्ये ७२० पैकी मार्क, चुकलं की एक वजा, आणि मार्क दुसऱ्या वर्षी फार वाढतातच असं नाही, कारण अभ्यास तोच, मनावरचं ओझं दुप्पट. घरी पाच एकर कोरडवाहू आहे हे त्याला माहीत आहे, तो ते रोज मोजत असेल. म्हणून तो बोलत नाही, चिडतो, मोबाईलमध्ये तोंड घालून बसतो, त्याला तुम्ही आळशी समजू नका.

त्याला शांतपणे विचारा, तुला डॉक्टर व्हायचंय का, का तुला परत येताना गावाला तोंड दाखवायचं नाही? बऱ्याचदा दुसरंच कारण असतं. नीटच्याच मार्कांवर बीएएमएस, बीएचएमएस आणि पशुवैद्यकीयची बीव्हीएस्सीसुद्धा होते. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जुनं आणि नावाजलेलं आहे, आणि आपल्या भागात गुरांचा डॉक्टर वेळेवर मिळत नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत. शिवाय एमएचटी-सीईटीच्या पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) ग्रुपवर बी.फार्म आणि बीएस्सी ॲग्री होते, तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, आणि पेपरात अकरावीचा भाग २० टक्के, बारावीचा ८० टक्के असतो. धाकटीला आत्ताच सांगा की नीटसोबत सीईटीचा फॉर्म भरायचाच. एकाच परीक्षेवर अख्खं घर टांगून ठेवू नका.

आमच्या कॉलेजात सर म्हणाले व्हॅलिडिटी काढा. ती नक्की कधी आणि कशाला? (दिग्रस)

आत्ता, आजच. राखीव जागेवर इंजिनिअरिंग, ॲग्री, मेडिकलसारख्या कोर्सला जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि ते दोन दिवसात निघत नाही. कॉलेजचं पत्र घेऊन जिल्हा जात पडताळणी समितीकडे ऑनलाईन अर्ज करायचा, एसटीसाठी समिती वेगळी असते. पुराव्यासाठी आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर जुने महसुली कागद शोधा. एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबांच्या नावाचं स्पेलिंग किंवा आडनाव वेगळं असेल तर शपथपत्र लागतं, तिथंच सगळ्यांचा वेळ जातो. नॉन-क्रीमीलेअरचं प्रमाणपत्र एससी-एसटी सोडून बाकीच्या राखीव गटांना लागतं, ते ३१ मार्चला संपतं म्हणून तारीख पाहा. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईलही सेतू केंद्रातून काढून फाईलमध्ये ठेवा. शेतकऱ्याचं पोट्टं हुशार असूनही फक्त या कागदामुळे खुल्या गटातून फॉर्म भरतं, आणि हे दरवर्षी घडतं, जीव तुटतो.

बाहेरगावी शिकणाऱ्या एससी आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी हॉस्टेल न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, समाजकल्याण ऑफिसात विचारा.

सर, सगळे पुण्याला जाऊन राहिले. मले शेतीच करायची आहे, पण वर्गात सांगायची लाज वाटते. बाबा म्हणतात तुले जन्मभर चिखलातच राहायचं का? आन् मित्र म्हणतात शेती करशील तर पोरगी कोण देईल? (बारावी सायन्स, पुसद तालुका)

लाज कशाची रे. तुला वावर आवडते, पऱ्हाटीवर बोंडअळी आली का मावा, ते तुला पानावरून कळत असेल, ही अक्कल वाया घालवायची नाही. पण तुझे बाबा असं काऊन म्हणतात ते पण समजून घे. ते शेतीला नाव ठेवत नाहीत, ते कर्जाला, झडीला, कापसाच्या भावाला घाबरतात, आणि तुझ्या वाट्याला ते येऊ नये म्हणून असं बोलतात.

म्हणून तू फक्त 'शेती करतो' म्हणू नको, शिकून करतो म्हण. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्याच भागात आहे, बीएस्सी ॲग्री ४ वर्षांचं, प्रवेश सीईटीतून. तुझ्या तर दारातच पुसदजवळ वरूडला दुग्धतंत्रज्ञानाचं कॉलेज आहे, तिथे बी.टेक होते. दूध, सोयाबीन, तूर यांचा भाव कच्च्या मालात ठरतो तोवर आपण रडतो, प्रक्रिया हातात आली तर शेतीचं गणित वेगळं होतं. एवढं शिकल्यावर नोकरी करायची तर कर, दोन-चार वर्षं करून ये, बाबांना तोवर भरवसा बसेल.

पोरगी कोण देईल, हा प्रश्न गावागावात खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण तू आता अठराचा, मुलाचं लग्नाचं वयच कायद्यानं २१ आहे, आज त्याच्यावर करिअर ठरवू नको. पोरीचे आईबाप शेतीला नाही म्हणत, बिनभरवशाच्या कमाईला नाही म्हणतात. या खरीपातलं बी, खत, फवारणी, मजुरी आणि विक्री एका वहीत लिहून काढ, एकरी काय उरलं ते बाबांना बसवून दाखव, आणि पुढच्या रविवारी अकोल्याला जाऊन विद्यापीठाचे प्लॉट पाहून ये, जाताना बाबांनाही सोबत ने.