होडीच्या प्लायवूडला ठिगळ कसे लावावे?

प्रश्न : आमची ९ मिलिमीटर प्लायवूडची लहान होडी शापोरा नदीत असते. बुडाजवळचा प्लाय कुजल्याने सुताराने वरून चौकोनी तुकडा स्क्रूने बसवून कडेला लांबी भरली. परंतु तिथूनच पुन्हा पाणी झिरपते. नवा तुकडा कसा घडवावा? — एक वाचक, शिवोली

उत्तर : प्लायच्या पृष्ठभागातून पाणी सावकाश मुरते, परंतु कापलेल्या कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून ते भराभर आत शिरते, शिवाय वरून ठोकलेल्या ठिगळाखाली ओल कोंडून मूळ प्लाय कुजतच राहतो. म्हणून ते ठिगळ काढून, टोच्या रुतणार नाही अशा टणक लाकडापर्यंतचा सारा कुजका भाग कापून टाकावा आणि भोक लंबगोल ठेवावे.

सांध्याच्या उताराची लांबी प्लायच्या जाडीच्या आठपट, म्हणजे आपल्या प्लायला ७२ मिलिमीटर ठेवून तो भोकाच्या कडेला आणि नव्या तुकड्याला परस्परांत बसेल असा द्यावा. तुकडा आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायचाच घ्यावा. ग्राइंडरने काम झटपट होते खरे, पण खड्डाही तितक्याच झटपट पडतो. त्यामुळे रंधा बरा, मात्र प्लायमधला गोंद पात्याची धार मारत असल्याने ते वरचेवर पाजळावे लागते. उतार साधला की नाही, हे प्लायच दाखवतो : रंधलेल्या भागावर थरांचे फिकट-गडद पट्टे उमटतात आणि एखादा पट्टा मध्येच रुंद किंवा अरुंद झाला, तर तिथे हात कमी-जास्त पडला आहे असे समजावे.

दोन्ही उतारांना आधी नुसते इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की घट्ट होणारा राळेचा गोंद), लाकूड पिईल तितके पाजावे. मग बारीक भुसा कालवून दाट केलेले लावावे. वर प्लास्टिक अंथरून बेताचेच वजन ठेवावे, नाहीतर सारे इपॉक्सी पिळून बाहेर येते. स्क्रूची जुनी भोकेही त्यानेच बुजवावीत.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या ओढून ठेवलेल्या असल्याने डागडुजीचा मोह होतो, परंतु ओल्या प्लायवर इपॉक्सी धरत नाही, जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणचट साय येते, ती गोड्या पाण्याने घासून धुतल्यावरच पॉलिश पेपर फिरवावा. इपॉक्सीचे एकूण तीन हात द्यावेत आणि त्यावर रंग अवश्य लावावा, कारण उघडे इपॉक्सी उन्हाने खराब होते.