इलेक्ट्रिक कार घेणाऱ्यांना सरकारने सबसिडी द्यावी का? त्यामुळे लोक खरंच पेट्रोल सोडतात का?

सबसिडीने गाड्या खपतात, यात वाद नाही. पण रात्री ती गाडी चार्ज कुठे करायची हा प्रश्न सबसिडीने सुटत नाही, आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. म्हणून लिहायला बसले.

गाडी बुक करण्याआधीच मी सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज दिला होता. मागणी अगदी साधी: माझ्या पार्किंगच्या जागेत, माझ्याच मीटरवरून, माझ्याच खर्चाने एक चार्जिंग पॉइंट. आधी म्हणाले, जनरल बॉडीत ठेवू. जनरल बॉडीत एकाने आगीचा विषय काढला, दुसऱ्याने विजेच्या लोडचा. मी इलेक्ट्रिशियनकडून हिशेब लिहून आणला होता: गीझर आणि एसी एकदम चालू असताना जेवढा लोड येतो, साधारण तेवढाच घरच्या छोट्या चार्जरचा येतो. तो कागद कुणी हातातही घेतला नाही. मग खरं कारण बाहेर आलं. "आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील." अहो, सगळ्यांनी मागावं म्हणूनच तर सरकार सवलत देतंय!

परवानगी मिळाली ती कमिटी बदलल्यावर, नव्या सेक्रेटरींना स्वतःलाच इलेक्ट्रिक गाडी घ्यायची होती म्हणून. तोवर मी ज्या सवलतीवर हिशेब मांडला होता तिची मुदत संपून गेली होती. सरकारने पैसे बाजूला ठेवले होते, मला गाडी हवी होती, आणि मधल्या मध्ये चार लोकांच्या "बघू" मुळे सगळं अडकलं. हा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो मी लपवणारही नाही.

आमच्या दादाचं पहिल्यापासून एकच पालुपद आहे: किंमत खाली आणा, बाकीचं बाजार बघून घेईल. पुरावा म्हणून तो दर वेळी नॉर्वे पुढे करतो. ठीक आहे, नॉर्वेच घेऊ. तिथे १९९० पासून इलेक्ट्रिक गाडीला खरेदीवरचे कर माफ व्हायला लागले. २००१ पासून व्हॅटही माफ झाला. टोलमाफी मिळाली, बसच्या लेनमधून जायची मुभा मिळाली. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. दादा इथे थांबतो. पुढचं तो कधीच सांगत नाही. २०१७ मध्ये नॉर्वेने फ्लॅटधारकांसाठी कायदाच केला: रहिवाशाने चार्जर मागितला तर ठोस कारण दाखवल्याशिवाय सोसायटीला नकार देता येत नाही. डिसेंबर २०२० पासून जर्मनीतल्या फ्लॅटमालकालाही असा हक्क आहे. असा कायदा मला लागू असता तर मला वर्गणी मागणाऱ्यासारखं दारोदार फिरावं लागलं नसतं.

आणि नॉर्वेने रोख पैसेही वाटले नाहीत. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर जबर कर ठेवला आणि इलेक्ट्रिकला त्यातून सोडलं. रोख वाटण्याचं काय होतं ते जर्मनीत दिसलं. १६ डिसेंबर २०२३ ला, एका शनिवारी, सरकारने जाहीर केलं की दुसऱ्या दिवसानंतर अनुदानाचे नवे अर्ज घेणार नाही. न्यायालयाच्या निकालामुळे अंदाजपत्रकाला भोक पडलं होतं, पण ज्याने गाडी बुक करून ठेवली होती त्याला त्याचं काय? २०२४ मध्ये तिथली इलेक्ट्रिक कारची विक्री २७ टक्क्यांनी घसरली. म्हणून माझं स्पष्ट मत: सवलत द्या, पण ती कधी आणि किती कमी होणार हे काही वर्षं आधी सांगा. आणि त्याच्याही आधी चार्जिंगचा हक्क द्या. त्याला तिजोरीतून जवळजवळ काहीच जात नाही.

हे सगळं फ्लॅटमध्ये राहणाऱ्याच्या नजरेतून आहे, हे खरं. स्वतंत्र घर, अंगणात प्लग असेल तर तुमच्यासाठी किंमत हाच मोठा अडसर, आणि तिथे दादाचं म्हणणं बरोबर ठरतं. जुनी गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला यातलं बहुतेक काही येत नाही, त्याच्याबद्दल तर कुणी बोलतही नाही. शिवाय नॉर्वेची बहुतेक वीज पाण्यावरची आणि हाताशी तेलाचा पैसा, तेव्हा त्यांची योजना जशीच्या तशी उचलून सगळीकडे चालेल असं मी म्हणत नाही.

तुम्ही स्वतः गाडी घेणार असाल तर सबसिडीची मुदत बघून घाईने बुकिंग करू नका. आधी कमिटीला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि नकार आला तर कारणासकट लेखीच मागा. तोंडी "बघू" वर विसंबून पैसे भरू नका. दादाने नेमकं तेच केलं. त्याची गाडी अजून ऑफिसजवळच्या सार्वजनिक चार्जरवर रांगेत उभी असते.