किती रुपयांची भीड पडते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली : सदस्यांच्या वर्गणीवर, कोणत्याही पक्षाच्या आधाराशिवाय चालणारे ऑनलाइन राजकीय गट. अशाच एका गटाची जमाखर्चाची वही मी 2014 पासून सांभाळते. म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडे दिली.

प्रश्न : मिरज आणि आसपासचे आम्ही सत्तरेक जण राजकारणावर बोलणारा गट चालवतो. दर रविवारी झूमवर एक वक्ता असतो, बाकी चर्चा व्हॉट्सअॅपवर. वर्गणी गोळा करताना जीव मेटाकुटीला येतो. आता आमच्यातलेच एक बांधकाम व्यावसायिक म्हणतात, वर्षाचा सगळा खर्च मी उचलतो, माझी अट काही नाही. माणूस खरोखर सज्जन आहे. पैसे घ्यावेत का?

उत्तर : घेऊ नका. ते सज्जन आहेत म्हणून तर मुळीच घेऊ नका. लबाड माणसाचा पैसा ओळखू येतो, त्याला नाही म्हणणं सोपं जातं. सज्जन माणसाची भीड पडते.

आम्ही 2016 साली एका गृहस्थांकडून असेच पैसे घेतले होते. 30 हजार, एकाच चेकने. वक्त्यांचा प्रवासखर्च, वर्षातले दोन मेळावे आणि चर्चा टाइप करून देणाऱ्या मुलीचं मानधन, एवढं सगळं त्यात भागलं. त्या गृहस्थांनी वर्षभरात एकदाही तोंड उघडलं नाही, कुणाबद्दल बोला किंवा बोलू नका असं सुचवलंही नाही. पुढे आमच्या तालुक्याच्या गावच्या विकास आराखड्याचा विषय निघाला. मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी आरक्षित असलेली एक जागा त्या आरक्षणातून सोडवण्याची खटपट चालली होती. गटातल्या एका शिक्षिकेने आराखड्याचा नकाशा नगरपालिकेत जाऊन पाहिला, सर्व्हे नंबर उतरवून आणले आणि चार पानांचं टिपण लिहिलं. रविवारी ती ते वाचणार होती. शनिवारी रात्री ते दाखवायला ती माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच मी वाचलं. तिसऱ्या पानावर तीन ओळींवर पेन्सिलीने रेघ मारलेली होती. खालचं अक्षर वाचता येत होतं. शेजारचा प्लॉट कुणाचा, हे त्या ओळींत होतं. मी विचारलं, हे का काढलंस? ती म्हणाली, "राहू दे ताई, त्यांना वाईट वाटेल."

त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. रेघ आमच्याच पेन्सिलीची होती. आणि खरं सांगते, त्या रात्री मीही "राहू दे" म्हणाले. टिपण त्या तीन ओळींशिवाय वाचलं गेलं. ती गोष्ट मला आजही खाते.

त्या मार्चला आम्ही उरलेले 11 हजार त्यांना परत केले आणि नियम केला : वर्गणी महिन्याला किमान 10 रुपये, जास्तीत जास्त 100. किमान वर्गणी सगळेच ठरवतात. वरची मर्यादा कुणी घालत नाही, आणि खरी गरज तिचीच असते. आमची कसोटी साधी आहे. कुणीही एक माणूस रागावून निघून गेला, तर पुढच्या रविवारच्या चर्चेवर काही परिणाम होता कामा नये. तुमच्या सत्तर जणांत वर्षाचा खर्च वाटून पाहा आणि ज्या रकमेला ही कसोटी मोडते, तिच्या खाली वरची मर्यादा ठेवा. खर्च झेपत नसेल तर खर्च कमी करा. झूमच्या फुकट योजनेत 40 मिनिटांनी मीटिंग तुटते, वक्ता नेमका तेव्हाच रंगात आलेला असतो, हे मला ठाऊक आहे. पण दोन वर्षं आम्ही 40 मिनिटांतच भागवलं. पहिली 35 मिनिटं वक्त्याची, पुढचे प्रश्न लेखी.

यावर कुणी शाहू महाराजांचं उदाहरण देईल. डॉ. आंबेडकरांचं 'मूकनायक' हे पाक्षिक 31 जानेवारी 1920 ला निघालं, त्याला महाराजांची अडीच हजारांची मदत होतीच. पण ती उभं राहण्यासाठीची मदत होती. रोजचा संसार वाचकांनीच चालवायचा असतो, आणि ज्या वाचकांच्या हातात पैसाच नाही त्यांना तो किती अवघड जातो हेही त्याच इतिहासात दिसतं. 'मूकनायक' तीन-साडेतीन वर्षांत थांबलं. 1927 ला सुरू झालेलं 'बहिष्कृत भारत' 1929 ला बंद पडलं. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकहाती लिहून काढावे लागत होते. म्हणून गरीब सदस्याची वर्गणी माफ करायला मी कधी मागेपुढे पाहत नाही. आमच्या वहीत माफीचा वेगळा रकाना आहे, त्यात नाव लिहीत नाही, नुसता आकडा लिहिते.

लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी पुण्याची सार्वजनिक सभा मला याहून जवळची वाटते. 2 एप्रिल 1870 ला ती स्थापन झाली, तेव्हा 95 प्रतिनिधी सुमारे 6 हजार लोकांची मुखत्यारपत्रं घेऊन आले होते. आपल्यामागे किती लोक उभे आहेत हे कागदावर दाखवता आलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. आमच्याकडे मुखत्यारपत्रं नाहीत, वर्गणीच्या नोंदी आहेत. दिंडीत चालणारा जशी भिशी भरतो आणि मग पंगतीत मानाने बसतो, तशी ही वर्गणी.

गोळा करण्याच्या त्रासाबद्दल : दर महिन्याला मागू नका, वर्षातून एकदाच मागा. आम्ही आषाढीच्या आठवड्यात मागतो, तारीख कुणाला सांगावी लागत नाही. यूपीआयवर आपोआप वर्गणी कापून घेण्याची सोय आम्ही करून पाहिली. पैसे कापण्याच्या 24 तास आधी बँकेचा संदेश येतो, तो पाहून लोक दचकतात आणि फोन मला येतात. आणि पैसे स्वतःच्या खात्यावर कधीही घेऊ नका. मी पहिली दोन वर्षं घेत होते. माझी पेन्शन आणि गटाचा पैसा एकाच पासबुकात, प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने खूण. हिशेब पैशाला पैसा जुळला, तरी तो दुसऱ्याला दाखवताना लाज वाटे. 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला सात माणसं पुरतात. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेटे पडतील, पण खातं संस्थेच्या नावाचं होतं आणि दोन सह्यांशिवाय त्यातून पैसा हलत नाही. 31 मार्चनंतर जमाखर्च सगळ्यांसमोर ठेवा. सदस्यांची यादी मात्र अशी उघड मांडू नका. तुमच्यात सरकारी नोकर असतील. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये राजकारणात भाग घेण्यावर बंधनं आहेत, आणि नुसत्या यादीतल्या नावावरूनही एखाद्याला साहेबांसमोर उभं राहावं लागतं.

प्रश्न : माझे मेहुणे न्यू जर्सीत असतात. आमच्या गटाला 200 डॉलर द्यायची त्यांची फार इच्छा आहे. चालेल का? (सातारा)

उत्तर : आधी त्यांना पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय नागरिक परदेशात राहून स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ते 2010 च्या परदेशी देणगी कायद्याप्रमाणे परदेशी स्रोत ठरतात. राजकीय स्वरूपाच्या म्हणून जाहीर झालेल्या संस्थांना आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून ध्वनी वा दृक्-श्राव्य बातम्या, चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्यांना अशी देणगी घेण्याची या कायद्यात मनाई आहे. तुम्ही चर्चांचं रेकॉर्डिंग लोकांपुढे ठेवत असाल तर हा धोका पत्करू नका. शिवाय 200 डॉलर आमच्या वरच्या मर्यादेतही बसत नाहीत.

त्यांना वक्ता म्हणून बोलवा. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा. त्यांच्या गावची स्कूल बोर्डाची निवडणूक कशी होते, शाळेच्या बजेटवर सामान्य पालक उभा राहून कसा बोलतो, हे आमच्याकडे असेच एक जावई सांगून गेले. पुढचे तीन रविवार आम्ही शाळा व्यवस्थापन समितीवरच बोलत होतो.

प्रश्न : गटात कुणी भडक मजकूर टाकला तर अॅडमिन म्हणून माझ्यावर गुन्हा होईल का? आणि वर्गणी वेळेवर भरणारा सदस्य शिवराळ बोलत असेल तर त्याला काढता येतं का? (अकोला)

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं आहे की, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी नुसता अॅडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधीचं संगनमत दिसलं पाहिजे. पण 2022 पासून अॅडमिनला कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. हातात झाडू असताना कचरा तसाच ठेवू नका.

सदस्याला काढता येतं. आधी फोन करा, लेखी झापू नका. दोनदा सांगून ऐकलं नाही तर काढा आणि उरलेल्या महिन्यांची वर्गणी त्याच दिवशी परत करा. आम्ही एका काकांना असे 180 रुपये परत केले. काकांनी आम्ही ते परत केल्याची पावती मागितली, ती मी सही करून पोस्टाने पाठवली. आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला, "पुन्हा भरू का?" मी म्हटलं, भरा, पण शिव्यांचा नियम तोच आहे. गेल्या आषाढीला सगळ्यात आधी त्यांचेच पैसे जमा झाले.