विचारा ना ताई : क्यूआर कोड मॅडमचा, संस्था सगळ्यांची

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. बँकेतून रिटायर झालोय, लोकमान्य नगरला राहतो. तीन वर्षांपूर्वी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ झोपलं तरी ही झोपायची नाही, भिंतीकडे बघत बसायची, आणि एकदा आमच्या हिला म्हणाली, आई हे बाळ कोणाला तरी देऊन टाक. शेजारपाजारचे म्हणाले दृष्ट काढा, आम्ही काढलीही, खोटं कशाला बोलू. मग एका ओळखीच्यांनी इथल्याच एका छोट्या संस्थेचा नंबर दिला, बाळंतिणींच्या मानसिक आरोग्याचं काम करतात. संस्थेच्या संस्थापक मॅडम सतरा रात्री आमच्याकडे येऊन बसल्या, मुलीला डॉक्टरकडे त्याच घेऊन गेल्या. आज मुलगी ठीक आहे, नातू घरभर धुडगूस घालतो.

मग मॅडम म्हणाल्या काका तुम्ही बँकेतले, आमचे कोषाध्यक्ष व्हा. नाही कसं म्हणणार? आता दीड वर्ष झालं. मीटिंग मॅडमच्या घरी, पोहे, वर सेव-जिरावण, चहा, मग "बाकी सगळं ठीक ना" आणि झाली मीटिंग. मिनिट्सच्या रजिस्टरवर सहा महिन्यांच्या सह्या एका बैठकीत, एकाच निळ्या पेनने. देणगीचा क्यूआर कोड मॅडमच्या स्वतःच्या नंबरचा आहे, संस्थेचं खातं उघडायला उशीर झाला म्हणून लावला होता तो तसाच राहिला. वेबसाइटचं काम मॅडमच्या भाच्याला दिलं, ६५ हजार, दुसरं कोटेशन नाही. आणि कमिटीच्या नऊ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केसेस येतात, परवा तर एका मुलीच्या भरलेल्या फॉर्मचा फोटोच आला, नावासकट. मॅडम पैसे खातात असं मला बिलकुल वाटत नाही. पण झोप लागत नाही. राजीनामा द्यावा का? ज्या बाईने माझी मुलगी वाचवली तिला हिशोब कसा मागू?

— एक कोषाध्यक्ष, इंदूर

उत्तर : नमस्कार काका (नातवाचं लिहिलंत म्हणून काका म्हणते, वयाने मी काही फार लहान नाही). तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि शेवटच्या ओळीवर दोन्ही वेळा अडकले. सतरा रात्रींचे उपकार फिटत नाहीत, फेडायचेही नसतात. पण कोषाध्यक्ष झालात ते उपकार फेडायला झालात का पैसे सांभाळायला? मॅडमनी तुम्हाला बँकेतले म्हणून बोलावलं, तर तुम्ही बँकेतल्यासारखंच वागणं हीच त्यांच्या शब्दाची लाज राखणं झालं.

आधी क्यूआर, कारण ती आग आहे. मॅडमच्या खात्यात आलेला पैसा इन्कम टॅक्सच्या नजरेत मॅडमचा पैसा, हा देणगीचा होता हे सिद्ध करत त्यांनी बसायचं. संस्थेच्या खात्यात न आलेल्या देणगीवर ८०जीची (देणगीदाराला टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी) पावती देता येत नाही, त्या देणगीदाराचं नाव पॅनसकट ३१ मेच्या आत भरायच्या यादीत जात नाही, मग जुलैमध्ये रिटर्न भरताना तो फोन करतो की माझं सर्टिफिकेट कुठंय, आणि फोन कोणाला करतो तर कोषाध्यक्षाला. आणि उद्या मॅडमना काही झालं, देव करो आणि न होवो, तर कायद्याने तो पैसा त्यांच्या वारसांचा. मी ज्या कमिटीवर होते (बाळंतिणींची नव्हे, बालवाडीची) तिथे असंच झालं होतं. संस्थापक आजोबा अचानक गेले, फी त्यांच्या खात्यात, मुलगा परदेशात. दोन शिक्षिकांचा सात महिने पगार नाही, आणि त्यातली एक रोज येऊन मुलांना खिचडी घालत होती, ते आजही डोळ्यासमोर येतं. कोणी चोर नव्हतं हो. सगळे इतके भले होते की कोणी विचारलंच नाही.

म्हणून मॅडमना हे मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगू नका. एक दिवस आधी एकटे जा, चहा घ्या, आणि सांगा की मॅडम यात तुम्ही अडकाल, मला भीती वाटते. हे खरंच आहे, बनवून सांगायची गरज नाही. मग मीटिंगच्या अजेंड्यावर लेखी घ्या : संस्थेच्या खात्याचा नवीन क्यूआर, जुना आजपासून बंद, जुन्यात आलेल्या रकमा स्टेटमेंट लावून संस्थेत वळत्या करायच्या, नेट बँकिंगला एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने पास करायचं. हे सगळं एका ठरावात, सह्या त्याच दिवशी. मागच्या सह्यांचं आता काही करता येत नाही, पण यापुढे ज्या दिवशीची मीटिंग त्या दिवशीची सही.

भाच्याचं थोडक्यात. नातेवाइकाला काम देणं गुन्हा नाही. पण टॅक्स सवलतीची नोंदणी (१२ए, ८०जी) घेतलेल्या संस्थेने संस्थापकाच्या नात्यात पैसा दिला तर तो वाजवी होता हे दाखवावं लागतं, भाचा त्या नात्यात धरला जातो, आणि ऑडिटरला ते रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. आत्ता दोन जणांकडून त्याच कामाचं कोटेशन मागवून फाइलला लावा. ६५ जास्त निघाले तर बोलणं होईलच. पुढच्या वेळी मॅडमनी त्या विषयापुरतं बाहेरच्या खोलीत बसायचं, आणि मिनिट्समध्ये तसं लिहायचं. बस.

आता ग्रुप. तुम्ही हे पत्राच्या शेवटी लिहिलंत, मला तर सगळ्यात जास्त राग याचाच आला. तो फॉर्म बहुतेक एडिनबर्ग स्केल असणार, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायला १९८७ पासून जगभर वापरतात, दहा प्रश्न असतात आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल. एखाद्या पोरीने पहिल्यांदा कुठेतरी त्या चौकोनात खूण केली आणि ती खूण नऊ जणांच्या फोनमध्ये गेली, एकाच्या फोनवर तर नातू गेम खेळत असणार. इंदूरचं मराठी जग केवढं हो? राजेंद्र नगर, सिझेरियन, सासर देवासचं, एवढं म्हटलं की नाव सांगायची गरजच नाही, कोणाची तरी मावससासू ओळखते. भारतातल्या अभ्यासांचा २०१७ मध्ये एकत्र आढावा घेतला होता, त्यात साधारण २२ टक्के बाळंतिणींमध्ये डिप्रेशन आढळलं, म्हणजे पाचात एक. तुमच्या कमिटीच्या नऊ घरांत हिशोब करून बघा. ज्या दिवशी ग्रुपमधल्याच कोणाच्या सुनेला गरज पडेल त्या दिवशी ती तुम्हाला फोन करणार नाही, कारण तिला माहीत असेल की हे कुठे जातं.

कमिटीला नाव लागतच नाही. महिन्यात किती फोन आले, किती जणींना डॉक्टरकडे पाठवलं, किती वाट बघतायत, इमर्जन्सी किती आणि त्यात काय चुकलं, एवढ्यावर कमिटीचं काम चालतं. केस फक्त जी व्हॉलंटियर बघते तिच्याकडे आणि जे डॉक्टर मार्गदर्शन करतात त्यांच्याकडे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय, अपवाद मोजकेच, जसं जिवाला धोका असेल तेव्हा, आणि तेव्हाही ज्याला कळायला हवं त्यालाच, ग्रुपला नाही. आज घरी गेल्यावर पहिलं काम, तो फोटो सगळ्यांनी डिलीट करायचा, गॅलरीतून पण.

आणि इमर्जन्सीचा कागद आहे का तुमच्याकडे? एक पानी. दहाव्या प्रश्नाला "कधीच नाही" सोडून काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी कोणाला फोन. बाळंतिणीला आवाज ऐकू येतायत, भलतंच बोलतेय, तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल, कारण बाळंतपणानंतरचा सायकोसिस हजारात एक-दोघींनाच होतो पण होतो तेव्हा बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत आणि फार वेगाने. रात्री कोणी फोन उचलला नाही तर टेलिमानस १४४१६, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास चालू असतं. हा नंबर घरच्यांनाही लिहून द्या. सध्या हे सगळं मॅडमच्या डोक्यात आणि मॅडमच्या फोनमध्ये आहे. मॅडमना डेंग्यू झाला तर? अठराव्या रात्री कोण जाणार?

राजीनामा आत्ता नाही. तुम्ही गुपचूप बाहेर पडलात तर क्यूआर तोच राहील, फक्त विचारणारा जाईल. मॅडमनी ऐकलंच नाही तर तुमचा विरोध मिनिट्समध्ये नोंदवून घ्या, दोन मीटिंगा बघा, मग तारीख टाकून लेखी राजीनामा. आणि मध्य प्रदेशच्या संस्था नोंदणी कायद्यातली धारा २७ ची यादी बघा, म्हणजे सर्वसाधारण सभेनंतर ४५ दिवसांत फर्म्स एवं संस्थाएंच्या (नोंदणीच्या) ऑफिसात जाते ती कमिटीच्या नावांची यादी, त्यात तुमचं नाव कधीपर्यंत राहतंय. बँक सह्या बदलताना हीच यादी मागते, पण हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही जन्मभर काउंटरच्या पलीकडून लोकांना त्यासाठी फेऱ्या मारायला लावल्या असतील!

प्रश्न : ताई, मी स्वतः पोस्टपार्टम डिप्रेशनमधून गेलेय म्हणून एका संस्थेने कमिटीवर घेतलं. आधी छान वाटलं. पण आता प्रत्येक कार्यक्रमात, स्पॉन्सर आले की, "हिची स्टोरी ऐका". मागच्या वेळी सांगताना हात थरथरत होते. बजेटच्या मीटिंगला मात्र मला निरोपच नव्हता.

— सुदामा नगर

उत्तर : अगं, तुला कमिटीवर घेतलंय की स्टेजवर? बजेटच्या मीटिंगचा निरोप नाही हे तर सरळ चुकीचं आहे, सभासद म्हणून नोटीस मिळणं तुझा हक्क, तो आधी लेखी माग. गोष्ट सांगायची की नाही, किती, कोणासमोर, हे फक्त तू ठरवणार आणि एकदा हो म्हटलं म्हणून पुढच्या वेळी हो असं नसतं. सेक्रेटरीला मेसेज टाक की यापुढे कार्यक्रमात बोलणार नाही, कारण देऊ नकोस, कारण दिलं की लोक ते सोडवायला बसतात. तुझा अनुभव खरा उपयोगी आहे तो फॉर्म बनवताना, व्हॉलंटियरला शिकवताना, की बाबा पहिल्या फोनवर "बाळ कसंय" नका विचारू, "तू जेवलीस का" विचारा. आणि परत बरं वाटेनासं झालं तर तीन महिने रजा घे, कमिटीवर राहून. तुमच्या उपनियमात तशी सोय नसेल तर पुढच्या मीटिंगला तूच मांड, तुझ्याशिवाय कोणाला सुचणार नाही.

प्रश्न : आमच्या कमिटीत सगळ्या बायकाच आहेत, एक पुरुष घ्यावाच लागतो का? सीए म्हणतात घ्या.

उत्तर : कायद्यात असं काही नाही. नोंदणीला सात जण लागतात, बाई की पुरुष विचारत नाहीत. सीएंना विचारा की त्यांना स्वतःला यायचंय का.